शनिवारचें सुतारकाम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो किंवा मिशिगनसारख्या संस्थानांतील एखाद्या मध्यमवर्गीय गृहस्थाचें उदाहरण घ्यावें. वयाची साठी उलटली आहे, नोकरी संपली आहे. मुलीला ऑक्टोबरांत मूल होणार आहे, आणि नातवंडासाठीं स्वतःच्या हातानें पाळणा करावयाचा असा त्यानें मनाशीं निश्चय केला आहे. मोटार ठेवण्याच्या खोलींत मेपल नांवाच्या पांढुरक्या, कठीण लाकडाच्या फळ्या मे महिन्यापासून रचून ठेवलेल्या आहेत. जुलै उजाडला तरी त्यांतील दोनच फळ्यांवर रंधा फिरला आहे. आठवड्याच्या शेवटीं आपल्यासारख्याच छंदिष्ट मित्रांना तो जेव्हां त्या आठवड्याची हकीकत सांगतो, तेव्हां ती बहुधा अशी असते : स्नानगृहाचें दार चौकटीला घासूं लागलें, म्हणून तें पाहिलें; स्वयंपाकघरांतील एका खुर्चीचा पाय डुगडुगत होता, तो उकलून पुन्हां चिकटविला; छपराच्या पन्हळींत मेपलच्या बिया व कचरा साचला होता, तो काढला; पाळण्याचें काम या आठवड्यांत झालें नाहीं.

हें ऐकून त्याचे मित्र हंसतात, पण त्यांत उपहास नसतो. कारण त्यांचीहि हकीकत याहून फारशी निराळी नसते. कोणी पुस्तकांचें कपाट दोन वर्षें करीत आहे, कोणी मेज करण्यापूर्वीं मेज करण्यासाठीं लागणारा बाकच अजून करीत आहे. ज्या खोलींत हें सारें चालतें तिला ते 'शॉप' म्हणतात. येथें दुकान हा अर्थ मुळींच नाहीं. तेथून कांहीं विकलें जात नाहीं. उलट पैसे मात्र तिच्यांत पुष्कळ जातात.

हौसेचें सुतारकाम आणि घरची डागडुजी यांची अशी गांठ कां पडावी, हें समजण्यास तेथील घर प्रथम डोळ्यांसमोर आणलें पाहिजे. तेथील बहुतेक स्वतंत्र घरें विटांच्या भिंतींचीं नसून लाकडी सांगाड्याचीं असतात. 'दोन बाय चार' या नांवाचे वासे सोळा सोळा इंचांवर उभे करावयाचे आणि त्यांवर जिप्समचे पातळ तक्ते ठोकावयाचे, कीं आंतली भिंत झाली. नांव दोन इंच बाय चार इंच, पण प्रत्यक्षांत वासा दीड इंच बाय साडेतीन इंच भरतो. नवशिक्याचा पहिला हिशेब येथेंच चुकतो. अशा घरांत करवत, स्क्रू आणि पेचकस यांच्यावांचून एक वर्षहि निभत नाहीं. त्यांत कारागिराची मजुरी महाग. एका दारासाठीं त्याला बोलावलें तर होणारा खर्च कधीं कधीं नव्या दाराच्या किंमतीशीं स्पर्धा करतो.

महाराष्ट्रांतील गांवगाड्यांत सुतार हा बलुतेदार होता. नांगर, गाडीचें चाक, घराची चौकट हें सारें त्याच्याकडे, आणि मोबदला खळ्यावरच्या धान्यांत. सुशिक्षित शहरी कुटुंबानें स्वतः करवत हातीं धरावी असा प्रसंगच येत नसे. दार अडकूं लागलें कीं "सुताराला निरोप धाडा" एवढें म्हणून काम भागे, आणि पुष्कळ घरीं आजहि भागतें. त्यामुळें घरांतील कर्त्या माणसानें रंधा घेऊन दारापाशीं बसावें यांत कांहीं कमीपणा आहे अशी एक समजूत येथें दीर्घकाळ राहिली. तिच्या मुळाशीं श्रमापेक्षां जातिभेद अधिक होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

पाश्चात्त्य देशांतहि हा छंद केवळ गरजेंतून निघालेला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फिनलंडमध्यें उनो सिग्नेउस यानें शाळांतून हस्तकला शिकविण्याचा पुरस्कार केला, आणि स्वीडनमधील नेस येथें ऑटो सालोमन यानें त्या विचाराला पद्धतशीर रूप दिलें. या पद्धतीचें नांव 'स्लोइड'. मुलाला सुतार बनविणें हा तिचा हेतु नव्हता. हात, डोळा आणि चित्त यांना वळण लागावें म्हणून लहान लहान लाकडी वस्तू क्रमानें करवून घ्यावयाच्या, असा तो मार्ग होता. इंग्लंड-अमेरिकेंतील शाळांतहि तो पसरला. वर्ध्यास १९३७ सालीं भरलेल्या परिषदेंत हस्तव्यवसाय शिक्षणाच्या मध्यभागीं ठेवण्याचें ठरलें, त्या विचाराशीं याचें दूरचें साम्य दिसतें. भेद असा कीं, मुलांच्या हातच्या मालानें शाळेचा खर्च निघावा अशी महात्मा गांधींची अपेक्षा होती. स्लोइडमध्यें ती नव्हती.

शाळेंत शिकलेला हात पुढें मोठेपणीं रिकामा राहिला, आणि त्याला यंत्रांनीं पुन्हां बोलावलें. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीनें पिस्तुलासारखी मूठ आणि चाप असलेल्या विजेच्या गिरमिटाचें पेटंट १९१७ सालीं मिळविलें. तें कारखान्यांसाठीं होतें. दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, कंपनीनें घरगुती वापराचीं स्वस्त गिरमिटें बाजारांत आणलीं. पुढच्याच वर्षीं हान्स गोल्डश्मिट यानें तयार केलेलें 'शॉपस्मिथ' नांवाचें यंत्र आलें; एकाच मोटारीवर करवत, चरक, गिरमीट आणि घासण्याची चकती अशीं कामें तें करी. युद्धावरून परतलेले तरुण नव्या वसाहतींत घरें घेत होते, घराशेजारीं मोटारीची खोली होती, आणि त्या खोलींत असें एक यंत्र मावत होतें. लंडनहून 'द वुडवर्कर' हें मासिक तर १९०१ पासूनच निघत होतें. अमेरिकेंत १९७५ सालीं कनेक्टिकटमधून 'फाइन वुडवर्किंग' सुरू झालें. दूरचित्रवाणीवर १९७९ पासून रॉय अंडरहिल हा केवळ हाताच्या हत्यारांनीं काम करून दाखवूं लागला, आणि नॉर्म एब्रम याचा यंत्रांनीं सुतारकाम दाखविणारा कार्यक्रम १९८९ पासून २००९ पर्यंत चालला. दोघांचे भक्त वेगळे, आणि त्यांच्यांतील वाद संपण्याचें चिन्ह नाहीं.

या प्रसाराची एक गमतीची बाजूहि आहे. इंग्लंडमध्यें बॅरी बकनेल नांवाच्या गृहस्थानें बी. बी. सी. च्या दूरचित्रवाणीवर घरदुरुस्तीचे पाठ दिले; १९६२ सालीं लंडनच्या ईलिंग भागांतील एक मोडकळीस आलेलें घर घेऊन तें आठवड्यामागून आठवडा प्रेक्षकांसमोर त्यानें नवें केलें. नक्षीदार जुन्या दारांवर सपाट हार्डबोर्ड ठोकून तीं गुळगुळीत करण्याची युक्ति त्याच्यामुळें घरोघर गेली. पुढच्या पिढीनें तोच हार्डबोर्ड उचकटून जुनीं दारें मोकळीं करण्यांत आपले रविवार घालविले.

आतां त्या स्नानगृहाच्या दाराकडे वळावयास हरकत नाहीं, कारण सगळ्या डागडुजीचें आणि सगळ्या सुतारकामाचें मर्म त्या एका दारांत सांपडतें. लाकूड तोडलें, कापलें, रंगविलें, तरी तें पाणी पिणें आणि सोडणें थांबवीत नाहीं. ताज्या लाकडांत पाणी दोन प्रकारांनीं असतें. एक पेशींच्या पोकळींत मोकळें साठलेलें, आणि दुसरें पेशींच्या भिंतींत मुरलेलें. लाकूड वाळतांना आधीं मोकळें पाणी जातें. तेव्हां वजन घटतें, पण आकार बदलत नाहीं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारें २८ ते ३० टक्के पाणी उरलें म्हणजे पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात. तेथून पुढें भिंतींतील पाणी जाऊं लागतें आणि लाकूड आक्रसूं लागतें. तें कोठवर वाळेल हें हवा ठरविते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असली तर लाकडांत सुमारें ६ टक्के पाणी राहतें, ५० टक्क्यांना सुमारें ९, आणि ८० टक्क्यांना सुमारें १६. हवा पुन्हां दमट झाली कीं लाकूड तें पाणी परत घेतें आणि फुगतें.

गैरसोय अशी कीं तें सगळ्या दिशांनीं सारखें फुगत नाहीं. लांबींत होणारा फरक इतका अल्प असतो कीं सुतार तो धरीतच नाहीं. रुंदींत मात्र तो चांगलाच होतो. आणि त्यांतहि खोडाच्या वर्तुळांच्या कडेनें होणारी वाढघट ही मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या सुमारें दुप्पट असते. छत्तीस इंच रुंदीचा तांबड्या ओकचा तक्ता वर्तुळांच्या कडेनें कापलेल्या फळ्या जोडून केला, आणि त्यांतील पाणी ६ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेलें, तर तो अर्ध्या इंचाहून थोडा अधिकच रुंद होतो. त्याच परिस्थितींत सागवान त्याच्या जवळजवळ निम्मेंच फुगतें. कोंकणापासून विदर्भापर्यंत दारांना साग कां मागितला गेला, याचें एक कारण या हिशेबांत आहे. दुसरें अर्थात् वाळवीचें.

ओहायोंतील दार जुलैंत अडकतें, कारण तेथील उन्हाळा दमट आणि हिवाळा, घरांत भट्टी पेटत असल्यामुळें, अतिशय कोरडा. महाराष्ट्रांत कॅलेंडर वेगळें, पण खेळ तोच. आषाढ-श्रावणांत खण बाहेर निघत नाहीं, आणि चैत्रांत त्याच खणाच्या कडेनें झुरळ सहज आंत जातें. ज्या श्रोत्यांच्या घरीं पावसाळ्यांत दार खांदा लावून लोटावें लागतें त्यांना हें अधिक सांगावयास नको. नवशिका माणूस अशा वेळीं काय करतो ? रंधा घेतो आणि घासणारी कड छिलून टाकतो. त्या दिवशीं दार सुरेख लागतें. चार महिन्यांनीं हवा कोरडी झाली कीं तेंच दार आक्रसतें आणि कडेला बोटभर नव्हे तरी पेन्सिल जाईल एवढी फट पडते. छिललेलें लाकूड परत चिकटवितां येत नाहीं.

म्हणून अनुभवी माणूस रंध्याला हात लावण्यापूर्वीं बिजागऱ्या पाहतो. दार वरच्या बाजूला, कडीकडील कोपऱ्यांत घासत असलें तर पुष्कळदां दोष फुगण्याचा नसून वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाल्याचा असतो; दार स्वतःच्या वजनानें पुढें झुकलेलें असतें. अमेरिकन घरांत यावर सोपा उपाय आहे. चौकटीची फळी पातळ, पण तिच्यामागें भिंतीचा वासा. तेव्हां बिजागरीच्या एका भोकांत तीन इंच लांबीचा स्क्रू वाशापर्यंत घुसविला कीं दार वर उचललें जातें. जाड सागवानी चौकटींत एवढ्या लांब स्क्रूची जरुरी नसते. जुनें, रुंदावलेलें भोक स्वच्छ करून त्यांत सरस लावलेली लाकडाची काडी घट्ट ठोकावी, सरस वाळूं द्यावा, वरचें टोंक कापावें, आणि नव्यानें बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू बसवावा. आगकाडीचे तुकडे कोंबून वेळ मारून नेण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. तीहि कांहीं महिने चालते.

बिजागऱ्या घट्ट असून दार अडकत असेल तर तें खरोखरच फुगलें आहे. तरीहि त्याच दिवशीं छिलण्याची घाई करूं नये. घासणाऱ्या जागेवर साबण किंवा मेण चोळावें आणि कोरड्या ऋतूची वाट पाहावी. मग दार उतरवून त्याच्या वरच्या व खालच्या कडा पाहाव्या. रंगाऱ्याची नजर सहसा तेथें पोंचत नाहीं. त्या कडा बहुधा कोऱ्याच असतात, आणि उभ्या पट्ट्यांचीं उघडीं टोंकें तेथेंच असतात. लाकूड सर्वांत जलद पाणी पितें तें टोंकांनीं. तेथें रंगाचे किंवा व्हार्निशचे दोन हात दिले तर फुगणें बंद होत नाहीं, पण बरेंच मंदावतें. पाऊस संपेपर्यंत दार कसेंबसें तग धरतें.

जुन्या सुतारांना हें सारें पुस्तकावांचून ठाऊक होतें. वाड्यांचीं दारें एकाच रुंद तक्त्याचीं क्वचित् असतात. उभ्या-आडव्या अरुंद पट्ट्यांची चौकट करावयाची, तिच्या आंतल्या कडेला खांच पाडावयाची, आणि मधली रुंद फळी त्या खांचेंत न चिकटवितां नुसती बसवावयाची. फळी आंतल्या आंत फुगते, आक्रसते. चौकट हलत नाहीं. न चिकटविण्यांत एवढें शहाणपण भरलेलें आहे, आणि ज्या कोणी उत्साहानें ती फळी चिकटवून टाकली त्याला ती पुढच्या उन्हाळ्यांत मधोमध तडकलेली दिसते.

खुर्चीची गोष्ट थोडी अधिक नाजूक आहे. खुर्चीचा आडवा दांडा पायाच्या भोकांत कुसूं करून बसविलेला असतो. दांड्याचे धागे एका दिशेला आणि पायाचे दुसऱ्या दिशेला जातात, त्यामुळें दोघांची फुगण्याची दिशाहि वेगळी. दमट हवेंत कुसूं फुगूं पाहतें, पण भोक त्याला मोठें होऊं देत नाहीं. तेव्हां त्याच्या बाहेरील पेशी चिरडल्या जातात. हवा कोरडी झाली कीं तें आक्रसतें तें पूर्वींच्या मापावर थांबत नाहीं. चिरडलेल्या भागाएवढें आणखी लहान होतें. दरवर्षीं हा प्रकार होत होत एक दिवस पाहुणा बसतो आणि खुर्ची करकरते. रीत अशी कीं सांधा पूर्ण उकलावा, जुना सरस खरवडून काढावा, सैल झालेल्या कुसवाला पातळ ढलपी चिकटवून जाड करावें, आणि मग नवा सरस लावून रात्रभर शिकंज्यांत आवळून ठेवावें. प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना सरस गरम पाण्यानें सुटतो आणि त्यावर नवा सरस धरतोहि. हल्लींचा पांढरा चीक मात्र स्वतःच्याच जुन्या थरावर नीट धरत नाहीं, म्हणून तेथें खरवडणें चुकवितां येत नाहीं. अशा सांध्यांत बाहेरून खिळा ठोकणें हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट उपाय होय. खिळा लाकूड फाडतो, आणि पुढच्या वेळीं सांधा उकलूं देत नाहीं.

पाळण्याचें काम मागें कां पडतें, याचें कारण केवळ दारें आणि खुर्च्या नव्हेत. पाळण्यांतच हिशेब पुष्कळ आहे. अमेरिकन घरांत 'पाळणा' म्हणजे येथील झुलणारा पाळणा नसून चार पायांची, चारी बाजूंनीं पट्ट्या असलेली लहानशी खाट असते. पट्ट्यांमधल्या फटींतून तान्ह्या मुलाचें अंग सरकून डोकें अडकण्याचा धोका असतो. म्हणून तेथील सरकारी नियमानें १९७० नंतरच्या दशकांत ही फट दोन पूर्णांक तीन अष्टमांश इंचांहून अधिक नसावी असें ठरविलें. बाजू खालींवर सरकणाऱ्या खाटांमुळें मुलें दगावल्यावर त्यांचीहि विक्री जून २०११ पासून बंद झाली. मोठ्या आकाराच्या खाटेची आंतली लांबी सुमारें बावन्न पूर्णांक तीन अष्टमांश इंच. दीड इंच रुंदीच्या तेरा पट्ट्या घातल्या तर चौदा फटी पडतात, आणि प्रत्येक फट मर्यादेच्या जेमतेम आंत, म्हणजे एका इंचाच्या चाळीसाव्या भागाएवढी आंत राहते. कागदावर हें बरोबर आहे. पण जुलैच्या दमट हवेंत कापलेली दीड इंची मेपलची पट्टी जानेवारींत पन्नासाव्या भागाएवढी आक्रसूं शकते, आणि तितकीच फट रुंदावते. उरलें काय ? जवळजवळ कांहींच नाहीं. त्यांत हाताची चूक धरली तर खाट नियमाबाहेर गेली. म्हणून जाणता माणूस तेरांऐवजीं चौदा पट्ट्या घालतो; मग फट दोन इंचांहून किंचित् अधिक एवढीच राहते. दोन बाजूंच्या मिळून अठ्ठावीस पट्ट्या, प्रत्येकीला वर खालीं दोन कुसवें, म्हणजे छप्पन्न कुसवें आणि छप्पन्न भोकें. एका जोडीला पाव तास धरला तरी चौदा तास. शनिवारचे दोन तास हातीं लागले तर सात शनिवार, आणि तेहि स्नानगृहाच्या दारानें शहाणपणानें वागावें या अटीवर.

पुष्कळ घरीं माळ्यावर आजोबांच्या वेळची खाट असते, आणि तीच वापरावी असा मोह होतो. तिच्या फटी रुंद असतात, आणि रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर अमेरिकेंत १९७८ सालीं बंदी आली. तो रंग काचकागदानें घांसून काढणें म्हणजे शिशाची धूळ घरभर उडविणें होय. तेव्हां ती खाट आठवण म्हणून माळ्यावरच राहिलेली बरी.

धोका काम करणारालाहि आहे. मेजांतून वर आलेली वाटोळी विजेची करवत ही या छंदांतील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत क्रूर वस्तु. फळी तिच्या मागच्या दांत्यांत अडकली तर ती क्षणार्धांत उलटी फेंकली जाते, आणि तिच्याबरोबर हात पात्यावर ओढला जाऊं शकतो. तेथील रुग्णालयांत असे हजारों लोक दरवर्षीं येतात. स्टीफन गॅस या पदार्थविज्ञान शिकलेल्या आणि पेटंटचा वकील असलेल्या हौशी सुतारानें १९९९ च्या सुमारास यावर एक उपाय शोधला. पात्यावर सूक्ष्म विद्युत्-संकेत ठेवावयाचा. माणसाचें अंग लाकडापेक्षां वीज चांगली वाहून नेतें, त्यामुळें बोट लागतांच तो संकेत बदलतो, आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यांत घुसून सुमारें पांच सहस्रांश सेकंदांत तें थांबवितो. प्रथम प्रयोग सॉसेजवर झाले. नंतर गॅसनें स्वतःचें बोट लावून पाहिलें. जुन्या कारखानदारांनीं हा शोध घेतला नाहीं, तेव्हां २००४ सालीं त्याच्या कंपनीनें स्वतःच अशा करवती विकावयास आरंभ केला. भुशाचा धोका मात्र असा एका क्षणाचा नसतो. लाकडाच्या सूक्ष्म धुळीला कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेनें १९९५ सालीं माणसांत कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत घातलें. तरीहि तोंडावर पट्टी न बांधतां घांसत बसणारे लोक कमी नाहींत.

एवढे सायास करून जें होतें तें बाजारांत अनेकदां स्वस्तांत मिळतें. मग माणसें हें कां करतात, आणि दर आठवड्याला त्याचा पाढा एकमेकांपुढें कां वाचतात? याचें सर्वांत स्पष्ट उत्तर ऑस्ट्रेलियांत मिळतें. तेथें घरामागील पत्र्याची शेड ही पुरुषाची हक्काची जागा. नोकरी संपल्यावर लहान घरांत राहावयास गेलेल्या वृद्धांची ही जागा गेली, आणि तिच्याबरोबर बोलण्याचें निमित्तहि गेलें. व्हिक्टोरिया प्रांतांतील टोंगाला या गांवीं १९९८ सालीं 'पुरुषांची शेड' या नांवाची एक सामाईक कार्यशाळा उघडली. तेथें बाक, करवती, चहाची किटली आणि आठवड्यांतून ठराविक दिवशीं येणारीं माणसें, एवढाच थाट. ही कल्पना इतकी पसरली कीं २००७ सालीं अखिल ऑस्ट्रेलियाची संघटना झाली, २०११ मध्यें आयर्लंडची आणि २०१३ मध्यें ब्रिटनची. एकट्या ऑस्ट्रेलियांत अशा शेडींची संख्या हजारावर गेली आहे. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळें करीत नाहींत, खांद्याला खांदा लावून काम करतांना करतात, असें त्या चळवळींतले लोक म्हणतात. पुरुषांची म्हणून निघालेल्या कित्येक शेडींत आतां स्त्रियाहि काम करतात, आणि त्यांच्या हातच्या वस्तू पाहिल्या तर पहिली मर्यादा कशासाठीं होती असा प्रश्न पडतो.

आठवड्याची हकीकत ही त्या खांद्याला खांदा लावण्याचीच एक रीत आहे. तींत यशापेक्षां चुका अधिक सांगितल्या जातात. कोणी उलट्या बाजूला भोक पाडलेली पट्टी दाखवितो; दुसरा म्हणतो, "ती बाजू भिंतीकडे करा." कोणी विचारतो कीं थंडींत सरस धरत नाहीं, त्याला सांगितलें जातें कीं पांढऱ्या जातीचा सरस सुमारें दहा अंश सेंटिग्रेडच्या खालीं नीट बांधत नाहीं, तेव्हां चिकटविण्याचें काम स्वयंपाकघरांत करा आणि पत्नीची परवानगी आधीं घ्या. आणि एखादा मनुष्य ओळीनें तीन आठवडे "कांहीं झालें नाहीं" एवढेंच सांगतो, तेव्हां कोणीतरी हत्यार मागण्याचें निमित्त करून त्याच्या घरीं जातो. पुष्कळदां तेथें आजार असतो, किंवा घरांतलें दुसरें माणूस गेलेलें असतें. करवत परत करावयास मग आणखी एक खेप होते.

ओहायोंतील त्या गृहस्थाच्या ऑगस्टच्या हकीकतींत पट्ट्या आल्या. सप्टेंबरच्या आरंभीं त्यानें छप्पन्नांपैकीं एकतीस भोकें पाडलीं, आणि बत्तिसावें चुकलें. ती बाजू भिंतीकडे करतां येईना, कारण खाटेला चारी बाजू पुढच्याच असतात. त्यानें एक नवा दांडा कापला. महिनाअखेर सांधे शिकंज्यांत होते. वर देण्यासाठीं त्यानें शेलॅक निवडलें. तें मुख्यतः भारतांतील जंगलांत लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या लाखेचें असतें, मद्यार्कांत विरघळतें, आणि वाळल्यावर मुलाच्या तोंडांत गेलें तरी अपायकारक नसतें. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत घरांतली भट्टी पेटली. स्नानगृहाचें दार, ज्याला त्यानें जुलैंत फक्त एक लांब स्क्रू मारला होता, आपोआप मोकळें झालें. त्या शनिवारच्या हकीकतींत दाराचा उल्लेख नव्हता. शेलॅकचा दुसरा हात वाळत होता, आणि मुलीचा दूरध्वनि अजून आला नव्हता.